मांत्रिकाची तजवीज

कोडोली, तालुका पन्हाळा,
जिल्हा कोल्हापूर.

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतचा सामन्याचा रिप्ले असे दोन्ही मिळाले. कॉलेजच्या डोटा संघात मिडची, म्हणजे मधल्या वाटेची, जागा तुझ्याकडे आली, आणि तीही लीनाला घेऊन खेळण्यासाठी, हे वाचून परमसंतोष झाला. लीनाने कोणता आयटम आधी घ्यावा आणि कोणते स्किल आधी वाढवावे याची एक पक्की यादी मी लिहून द्यावी, म्हणजे पुढे विचार करण्याचे कारण उरणार नाही, अशी तुझी मागणी आहे. यादी मी देत नाही. ज्या विचाराने यादी तयार होते तो विचारच या पत्रात विस्ताराने लिहितो. तो एकदा अंगवळणी पडला, की समोरच्या पाच हिरोंची नावे पडद्यावर येताक्षणी त्या सामन्यापुरती यादी तुझी तुलाच सुचू लागेल.

हे पत्र तू ताईला वाचून दाखवशील, म्हणून आरंभी चार ओळी तिच्याकरिता. डोटा 2 हा व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा खेळ 9 जुलै 2013 रोजी रीतसर बाहेर आला. त्याचे मूळ मात्र 2003 साली, वॉरक्राफ्ट 3 या खेळाच्या आधारे यूल या टोपणनावाच्या एका हौशी रचनाकाराने मांडलेल्या नकाशात आहे. पाच विरुद्ध पाच असा सामना, तीन वाटा, वाटांवर बुरूज, आणि दोन्ही मुलखांच्या टोकाला एकेक मुख्य ठाणे. ते ठाणे पडले की डाव संपला. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक हिरो असतो. तो शत्रूचे क्रीप, म्हणजे वाटांवरून चालत येणारे किरकोळ सैनिक, मारून सोने आणि अनुभव कमावतो, अनुभवाने त्याची लेव्हल चढते, लेव्हलबरोबर स्किल्स वाढतात, आणि सोन्यातून तो आयटम खरेदी करतो. प्रत्यक्ष वापरता येतील अशा मुख्य आयटमांना जागा सहाच. काही हिरो हाताच्या माऱ्याने लढतात, काही मंत्रांनी. हे दुसऱ्या जातीचे हिरो अंगाने नाजूक असतात, त्यांचे मंत्र मॅना नावाच्या शक्तीवर चालतात, आणि मंत्र एकदा सोडला की तो पुन्हा हाती येईपर्यंत काही काळ थांबावे लागते. लीना ही त्यांतली अग्निविद्येची मांत्रिक.

आता मूळ मुद्दा. मांत्रिकाचा मारा किती वाढवता येईल, या प्रश्नाने नवशिका खेळाडू आरंभ करतो, आणि दुकानात गेल्यावर त्याची नजर मारा वाढवणाऱ्या आयटमवरच ठरते. माझ्या मते पहिला प्रश्न 'हा मरतो कसा' हा असला पाहिजे. सहावी लेव्हल गाठून लगूना ब्लेड हा तिचा सर्वांत मोठा मंत्र हाती आला, की एखाद्या नाजूक हिरोला जागच्या जागी संपवण्याइतकी आग लीनाजवळ असतेच. तिच्याजवळ नसतो तो ती आग बाहेर पडण्यासाठी लागणारा दोन-तीन सेकंदांचा अवसर. शत्रू जाणता असेल, तर तो तिच्या माऱ्याशी झगडत बसत नाही, तो तिचा हा अवसर हिरावून घेतो. म्हणून मांत्रिकाने पदरचे सोने प्रथम खर्चावे ते हा अवसर मिळवण्यासाठी. मारा वाढवण्याची पाळी त्यानंतरची.

याविषयी शिकण्यासारखी एक गोष्ट आपल्याच मुलखात आहे. करवीर दरबारच्या सेवेत राहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी इ.स. 1715 च्या सुमारास जे आज्ञापत्र सिद्ध केले, त्यातील दुर्गांचे प्रकरण मी तुला पुष्कळदा वाचून दाखवले आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावी, दारूचे कोठार राहत्या घरापासून दूर असावे, अशा त्यांतल्या ताकिदी वाचल्या म्हणजे ध्यानात येते, की हा राजनीतिज्ञ गडाचा विचार शत्रूवर तोफ कशी चालेल एवढ्यापुरता करीत नाही. वेढा पडल्यावर गड तग कसा धरील, तो कशाने पडेल, याची विवंचना त्याला आधी आहे. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा कित्येक महिने सोसणाऱ्या पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती या नावांची धान्याची कोठारे आजही उभी आहेत. मांत्रिकाची तजवीज याच नजरेने करावयाची असते.

तुझ्या रिप्लेमधला चोविसाव्या मिनिटाचा प्रसंग पुन्हा पाहा. नदीच्या कडेला, टेहळणीसाठी रोवलेल्या वॉर्डचा उजेड नसलेल्या जागी, तू शत्रूच्या बुरुजाकडे तोंड करून उभा आहेस. चारही स्किल्स तयार, मॅना पूर्ण, आणि पिशवीत 4200 सोन्याचा अघानिम्स सेप्टर नुकताच आलेला. शत्रूचा स्टॉर्म स्पिरिट हा हिरो विजेचा गोळा होऊन तुझ्या अंगावर येतो आणि पोहोचताक्षणीच ऑर्किड हा आयटम वापरून तुझी वाचा बंद करतो. पुढचे पाच सेकंद तुला एकही मंत्र म्हणता येत नाही, आणि त्या पाचांपैकी तिसऱ्या सेकंदालाच तू संपतोस. मृत्यूच्या क्षणी तुझा प्रत्येक मंत्र वापरावयाचा राहिलेला होता, हे तू पडद्याच्या तळाशी नीट पाहा. आता हे ध्यानात घे, की ऑर्किडने मंत्र बंद होतात, आयटम बंद होत नाहीत. सेप्टरहून बरेच स्वस्त असलेले यूल्स नावाचे आयटम तुझ्याजवळ असते, तर ते स्वतःवर वापरून तू अडीच सेकंद वावटळीत उचलला गेला असतास, त्या अवधीत तुला कोणाचाही मारा लागला नसता, आणि जमिनीवर उतरताना तुझी वाचा मोकळी झालेली असती. स्टॉर्म स्पिरिट ऑर्किड घेत आहे हे सोळाव्या मिनिटापासून दिसत होते. खरेदीचा निर्णय त्याच वेळी व्हावयास हवा होता.

यूल्स हे नाव त्या मूळ रचनाकाराचे, आणि माझ्या दृष्टीने लीनाच्या हातात शोभणारा याहून चांगला आयटम नाही, कारण बचावासाठी घेतलेली ही वस्तू हल्ल्यातही तितकीच कामास येते. लाइट स्ट्राइक अ‍ॅरे हा लीनाचा स्टन करणारा, म्हणजे शत्रूला क्षणभर जागीच खिळवणारा, मंत्र सुटा वापरला, तर शत्रू बाजूला सरकून तो सहज चुकवतो. कारण हात उचलण्यापासून मंत्र सुटेपर्यंत अर्ध्या सेकंदाला थोडे कमी, आणि मंत्र सुटल्यापासून जमिनीतून ज्वाळा निघेपर्यंत आणखी अर्धा सेकंद, असा जवळजवळ एक सेकंद त्याला मिळतो. शत्रूला यूल्सने उचलले, की तो अडीच सेकंदांनी नेमका त्याच जागी उतरणार हे ठरलेले असते. त्या अडीचमधून मंत्राचा एक सेकंद वजा कर. म्हणजे वावटळ सुरू झाल्यापासून साधारण दीड सेकंदाने मंत्र म्हणावयास आरंभ केला, तर शत्रूचे पाय जमिनीला लागावयास आणि ज्वाळा उठावयास एकच गाठ पडते. अगोदर केलास तर ज्वाळा रिकाम्या जागेत विझतील, उशीर केलास तर तो निसटेल. सरावाच्या डावात क्रीप मारण्याचा कंटाळा आला, की एवढी एकच गोष्ट, मित्राला समोर उभा करून, डोळे मिटूनही साधेपर्यंत करीत राहा.

स्किल्सच्या क्रमाविषयी फार लिहावे लागणार नाही. साधे स्किल एक, तीन, पाच, सात अशा लेव्हलांना पायरीपायरीने चढवता येते, म्हणजे पहिल्यापासून त्याच्या मागे लागलास तर सातव्या लेव्हलला ते पूर्ण होते. आणि लगूना ब्लेड सहा, बारा, अठरा या लेव्हलांना. मिडमध्ये ड्रॅगन स्लेव्ह आधी पूर्ण करावे, कारण एका लाटेत क्रीपही मरतात आणि मागे उभा असलेला हिरोही होरपळतो. स्टनची एक पायरी आरंभीच घेऊन ठेवावी. मंत्र वाढला की त्याला लागणारा मॅनाही बहुधा वाढतो, ही गोष्ट विसरून पाण्याची सोय न केलेल्या गडासारखी स्थिती तू तुझ्या पहिल्या दहा मिनिटांत करून घेतोस. मॅना भरून आणणारे छोटे आयटम हलके समजू नकोस.

फायरी सोल या तिसऱ्या स्किलबद्दल मात्र तुझ्याशी माझा वाद आहे. प्रत्येक मंत्रागणिक त्याने हाताच्या माऱ्याचा वेग वाढतो, आणि त्यावर भिस्त ठेवून लीनाला कॅरी म्हणून, हाताने मारणारी म्हणून, चालवणारे खेळाडू पुष्कळ आहेत. तो मार्ग अशास्त्र नाही. परंतु तू अर्धे सोने मंत्रांच्या आयटमांत घालतोस आणि अर्धे हाताच्या, त्यामुळे तिसाव्या मिनिटाला तुझी लीना धड मांत्रिक नसते आणि धड कॅरीही नसते. संघात दुसरा कॅरी समर्थ असेल तर तू मांत्रिक राहा, नसेल तर सामना सुरू होण्यापूर्वीच दुसरा मार्ग धर. मध्यावर मन बदलण्याइतके सोने मिडच्या खेळाडूजवळ कधीही शिल्लक नसते.

पुढचे आयटम समोरच्यांकडे पाहून ठरतात. शत्रूकडे दुरून ओढून नेणारे, अंगावर उडी घालणारे हिरो असतील तर ब्लिंक डॅगर घे, पण अंगावर घाव बसताच तीन सेकंद त्याचा उपयोग होत नाही हे ध्यानात धर; म्हणजे तो संकटातून पळण्यासाठी नसून संकट दिसण्यापूर्वी जागा बदलण्यासाठी आहे. हाताने मारणारा एकच बलदंड कॅरी मागे लागत असेल, तर हाताचा मारा अंगाला लागू न देणारे घोस्ट सेप्टरचे चार सेकंद पुरतात. त्यांच्याकडे मांत्रिक अधिक असतील तर तोच सेप्टर घात करील, कारण त्या अवस्थेत मंत्रांचा मारा वाढून लागतो. एकामागून एक स्टन येणार हे निश्चित असेल तेव्हाच ब्लॅक किंग बार, आणि त्याचे संरक्षण दर वापरागणिक ठरावीक मर्यादेपर्यंत कमी होत जाते, म्हणून किरकोळ चकमकीत तो खर्च करू नकोस. मारा वाढवणारे आयटम यानंतर. बहुतेक हिरोंच्या अंगी मंत्राच्या माऱ्यातला चौथा हिस्सा परतवण्याची शक्ती मुळातच असते, आणि शहाणा शत्रू ती आणखी वाढवतो; केवळ आगीवर आग ओतून ती भिंत ओलांडता येत नाही.

तुमच्या संघात क्रिस्टल मेडन खेळणाऱ्या मित्राबद्दल तू जरा तुच्छतेने लिहिले आहेस, ते मला रुचले नाही. लीनाची ही बर्फवाली बहीण सपोर्ट म्हणून खेळते, म्हणजे क्रीपचे सोने ती तुमच्यासाठी सोडते, आणि जे थोडे मिळते त्यातून वॉर्ड घेऊन सर्वांना उजेड देते. तिचा फ्रीझिंग फील्ड हा मंत्र पुरता चालला तर दहा सेकंद हिमवर्षाव करतो, आणि मध्ये कोणी स्टन केले तर जागीच बंद पडतो. अवसराची किंमत तिच्याइतकी कोणालाच द्यावी लागत नाही. तिच्या पहिल्या मोठ्या आयटमला तुझ्या वाट्याचे एक-दोन क्रीपचे घोळके सोडले असतेस, तर तिच्या फोर्स स्टाफच्या दूर ढकलणाऱ्या धक्क्याने तू चोविसाव्या मिनिटाला वाचला असतास. ऑर्किडने तुझी वाचा गेली तरी तिची शाबूत होती.

जगातले मोठे खेळाडू जे आयटम घेतात तेच घ्यावेत, हा तुझा युक्तिवाद मी समजू शकतो. परंतु त्यांच्या यादीमागे त्यांचे चार सहकारी उभे असतात, ते तुझ्याकडे नाहीत. शिवाय व्हॉल्व्हचा नवा पॅच आला की किमती आणि आकडे बदलतात, आणि कालची यादी शिळी होते. त्यांच्या सामन्यात पाहावयाचे ते हे, की कोणता शत्रू दिसल्यावर त्यांनी नेहमीचा क्रम मोडला.

ताईला काळजी आहे की हा सारा वेळ वाया जातो. तिला सांग, की 2022 च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा 2 संघाने कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले, आणि हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत डोटा 2 हा पदकाचा खेळ होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानेही पैसे लावून खेळावयाचे खेळ बंद केले आणि ईस्पोर्ट्स त्यांपासून निराळे मानले. अर्थात परीक्षेचे दिवस परीक्षेला द्यावयाचे, याबाबत मी सर्वस्वी ताईच्या पक्षाचा आहे.

येत्या सामन्यात एवढे कर : हिरो निवडून झाल्यावर आणि पहिले सोने खर्च करण्यापूर्वी, समोरच्या पाचांपैकी तुला गाठून मारू शकेल असा कोण, आणि तो कशाने मारील, हे एका ओळीत वहीत लिही, दर दहा मिनिटांनी त्यांच्या पिशव्या पाहून ती ओळ दुरुस्त कर. सामना झाला की ती वही आणि रिप्ले, दोन्ही धाडून दे. गळिताचा हंगाम सुरू असल्याने ऊसगाड्यांची वर्दळ रात्री उशिरापर्यंत असते, तरी नऊनंतर मी मोकळा असतो.

ताईस सादर नमस्कार. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा