गाणारी नळी

परवा माळा आवरताना एक जुनी वही हाती लागली. आतल्या ४० पानांवर लाल पेनाने मारलेल्या तिरक्या रेघा. लेकीने विचारलं, "आई, इतक्यांदा नापास झाली होतीस?" हसले, पण उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

तर त्या रेघांची गोष्ट.

मी मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करत होते तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडलं. रोज सकाळी विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये कसंबसं शिरायचं, अंधेरीला उतरायचं, पुढे बस. नातेवाईक विचारायचे, "विषय काय गं तुझा? कंपन, ज्वलन, का ते हीट ट्रान्स्फर?" खरं उत्तर होतं, तिन्ही. ते ऐकलं की समोरचा माझ्या लग्नाचा विषय काढायचा :-)

विषय होता गाणारी नळी. १८५९ साली रायके नावाच्या डच शास्त्रज्ञाने दाखवलं की दोन्ही टोकांना उघडी नळी उभी धरली आणि आत, खालून पाव उंचीवर, तारेची तापलेली जाळी ठेवली, की नळी आपोआप गाऊ लागते. मीटरभर नळीचा सूर सेकंदाला १७०-१८० कंपनांच्या आसपास. फुंकणारं कोणी नाही, नुसती उष्णता. आणि नळी आडवी केली की गप्प! कारण गरम हवेचा वर जाणारा झोत थांबतो.

आम्हा वसईकरांना नाद म्हटला की घंटा आठवतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यातलीच एक आहे, १७२१ साल कोरलेली. पण घंटेला टोला द्यावा लागतो आणि मग नाद विरत जातो. नळीत मात्र प्रत्येक कंपनाला जाळी नवी ऊर्जा पुरवते, झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तशी. हवा दाबली जाते त्या क्षणी उष्णता मिळाली तर कंपन वाढतं; विरळ होते तेव्हा मिळाली तर मरतं. हा नियम रॅलेने १८७८ मध्ये सांगितला. प्रयोगशाळेत ही गंमत वाटते, पण रॉकेटच्या इंजिनात ज्वलनाने हाच झोपाळा चढवला तर इंजिनाच्या ठिकऱ्या उडतात. चांद्रमोहिमेच्या सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन या दुखण्यातून बाहेर काढायला १९६० च्या दशकात सुमारे २००० चाचण्या घ्याव्या लागल्या होत्या.

माझं काम त्यामानाने चिमुकलं. जाळी विजेवर तापवायची, आणि किती वॉटला नळी गायला लागते ते टिपायचं. चार महिने टिपलं. सकाळचे आकडे संध्याकाळच्या आकड्यांशी जुळेनात. मी सरासरी काढली, थोडाफार फरक चालायचाच असं म्हणून आलेख काढला. आलेख छान दिसत होता. पेपरचा मसुदाही तयार झाला.

बाबा वसई पूर्वेला एका गाळ्यात लेथवर टर्नर होते. एका रात्री जेवताना त्यांना सगळं सांगत होते. ते आमटी ओरपत म्हणाले, "अगं, सकाळी तुझी नळी गार असते ना?"

"मग?"

"आम्ही लेथ अर्धा तास रिकामा फिरवल्याशिवाय बारीक जॉबला हात लावत नाही. तापल्यावर स्पिंडल वाढतं. गार मशीनवर घेतलेलं माप खरं नसतं."

घास तसाच राहिला. नळीची भिंत तापते, आतली हवा तापते, ध्वनीचा वेग बदलतो, झोत बदलतो. हे मला पाठ होतं! परीक्षेत लिहिलंही होतं. पण नळी तापून स्थिर होईपर्यंत थांबायचं काही सुचलं नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. सरासरीत सगळं झाकलेलं होतं, कोणाला कळलंही नसतं. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. सकाळी लोकलमध्ये दारापाशी उभी होते. भाईंदरच्या खाडीपुलावर गाडी धडधडायला लागली तेव्हा ठरवलं. प्रयोगशाळेत गेल्यावर पहिलं काम ते लाल पेनाचं केलं, मग सरांना सांगितलं.

पुढे रोज तास-दीड तास थांबून वाचनं घेतली. आकडे रेषेवर बसले. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. नळी ज्या वॉटला गायला लागते, त्याला बंद होत नाही. गप्प करायला वीज त्याच्याही बरीच खाली आणावी लागते. हे इतर संशोधकांनी आधी पाहिलेलं होतं. माझ्या नळीतही ते पहिल्यापासून घडत होतं, पण मीच त्याला 'थोडाफार फरक' म्हणून सरासरीत पुरलं होतं.

प्रबंधात आभाराच्या पानावर बाबांचं नाव घातलं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नुसतं नाव? टर्नर नाही लिहिलंस?"

खरंच, लिहायला हवं होतं.

असो. वही परत माळ्यावर ठेवली आहे. रद्दीत द्यायची नाही असं लेकीला बजावून.