फ्रीज गार करेना!

गोदरेजने देशी फ्रीज बनवायला सुरुवात केली १९५८ साली. पण आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत तो आला ऐंशीच्या दशकात, बोनसच्या किंवा भिशीच्या पैशांतून. १६५ लिटरचा, एका दाराचा. मुक्काम बाहेरच्या खोलीत, डोक्यावर क्रोशाचं कव्हर, शेजारी स्टॅबिलायझर. बर्फावर अर्ध्या चाळीचा हक्क.

ऐन मे महिन्यात तो गार करेनासा झाला, की घरात तपास सुरू. आई आधी दुधाच्या पातेल्याला हात लावून पाही. बाबा स्टॅबिलायझरचा काटा बघत. उन्हाळ्यात व्होल्टेज इतकं उतरे की कॉम्प्रेसर घरघरायचा आणि टक् करून बंद पडायचा. लाइट आले की लगेच बटण दाबायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं, हे शाळकरी पोरांनाही पाठ होतं. आतल्या गॅसचा दाब उतरल्याशिवाय मोटर उचलत नाही.

पुढचा संशय दाराच्या रबरावर. फटीत नोट धरून दार लावायचं. ती अलगद निघून आली तर रबर सैल. मग पाठीमागची काळी जाळी. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडायची, आणि आम्ही पावसाळ्यात तिच्यावर मोजे वाळवायचो! फ्रीज वीतभर पुढे ओढून धूळ झाडली की पुष्कळदा तेवढ्यानेच भागे.

नाहीतर डीफ्रॉस्ट. फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर धरला की तोच थंडी अडवतो. वर हिमालय आणि खाली दूध नासलेलं. नॉबमधलं बटण दाबायचं, खाली परात, दाराशी जुनं धोतर. पोरांच्या तोंडात बर्फाच्या कपच्या. सुरीला मात्र सक्त बंदी, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पडलं की गॅस गेलाच.

मेकॅनिकला बोलावणं सगळ्यांत शेवटी. बर्फ एकाच कोपऱ्यात धरतोय, हे बघूनच तो ‘गॅस कमी आहे’ म्हणायचा. तो आर-१२ गॅस ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात त्याचा वापर हळूहळू कमी करायचं ठरलं. आम्हाला तेव्हा त्याचा एकच दुष्परिणाम ठाऊक होता: महिन्याचं बजेट कोसळायचं.

आता बर्फ आपोआप वितळतो, कॉइल पडद्याआड गेली, तक्रार मोबाइलवरून नोंदवता येते. पण रबर अजूनही सैल होतं. बऱ्याच नव्या फ्रीजची उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते, आणि आपण नेमकं तिथेच कपाट चिकटवतो. तेव्हा व्हिजिटचे पैसे मोजण्याआधी फ्रीज जरा मोकळा करावा आणि दारात नोट धरून पाहावी. दहाचीही चालते.