बिननेटच्या रिचार्जला, पाटोद्याहून

प्रिय बिननेटच्या रिचार्जा,

तुझा जन्म दिल्लीतल्या कागदावरचा. 23 डिसेंबर 2024 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, कंपन्यांना बजावलं की ज्यांना फक्त बोलायचं आणि एसएमएस करायचे आहेत, त्यांच्यासाठी नेट न चिकटवलेला वेगळा रिचार्ज ठेवा. अशा व्हाउचरची कमाल मुदतही 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. पुढच्याच महिन्यात तू बाजारात आलास. पण पाटोद्यात तुला ओळखणारे अजून थोडेच. दुकानात ‘साधा रिचार्ज मार’ म्हटलं की दुकानदाराचा हात सवयीने 28 दिवसांच्या पॅककडे जातो, आणि ॲपमध्ये तुला गाठायला बोट बरंच खाली सरकवावं लागतं. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. तुझ्याबरोबर तुझी हक्काची गिऱ्हाइकंही ते वाचतील.

ही गिऱ्हाइकं कोण, ते सांगतो. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, तरी इथलं शिवार पावसाच्या भरवशावर. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेतली नातवंडं आणि दावणीची जनावरं. म्हातारीच्या कनवटीला बटणांचा फोन असतो. रात्री फडावरून फोन येतो, दोन शब्द होतात, संपलं. पण त्याच नंबरवर बँकेचा मेसेज येतो, आधारचा ओटीपी येतो, पीएम किसान आणि लाडकी बहीणची ई-केवायसी अडते. तिचं बोलणं चार मिनिटांचं असलं, तरी नंबर चोवीस तास चालू लागतो.

अशा माणसाला पूर्वी फारसा खर्च नव्हता. 2003 पासून इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलवर अख्खे संसार चालले. 2005 च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ कार्डं आली. एकदा हजारभर रुपये भरले की इनकमिंगची काळजी मिटली, असं लोकांनी धरलं. ते दिवस 2018 च्या अखेरीस संपले. मोठ्या कंपन्यांनी 28 दिवसांसाठी किमान 35 रुपयांची अट घातली. एअरटेलचा हा आकडा जुलै 2021 मध्ये 79, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 99 आणि जुलै 2024 मध्ये 199 वर गेला. किंमत वाढत गेली तसं सोबत नेटही येत गेलं. बटणांच्या फोनला ते काय कामाचं? घागरभर पाणी हवं असणाऱ्याच्या दारात टँकर रिकामा करून पैसे मागावेत, तसला हा व्यवहार.

आता तुझा हिशेब मांडतो. 28 दिवसांचा महिना धरला तर वर्षात 13 रिचार्ज होतात. 199 चे तीन मारले की 84 दिवसांना 597 रुपये. जानेवारी 2025 मध्ये एअरटेलने तुला 84 दिवसांसाठी 469 रुपयांना आणलं. फरक 128 रुपयांचा. न वापरलेल्या नेटचे एवढे पैसे वाचतात. वर्षाचा रिचार्ज 1849 ला होता. त्या जागी 199 चे 13 म्हणजे 2587. जिओ आणि व्हीआयनेही 84 दिवसांसाठी साधारण असेच दर लावले. दर बदलत राहतात, म्हणून आमच्या वाचकांनी रक्कम पाठ करू नये, रीत लक्षात ठेवावी: किमतीला दिवसांनी भागायचं. 199 चा पॅक दिवसाला सात रुपयांच्या वर जातो, तू साडेपाचच्या आसपास पडतोस.

आणि तुझं माप आमच्या हंगामाला नेमकं बसतं. 84 दुणे 168, म्हणजे साडेपाच महिने. टोळी निघताना एक आणि मध्यावर एक, अशा दोन रिचार्जमध्ये बहुतेकांचा हंगाम संपून पट्टा पडतो. मुकादमाकडून उचल हातात येते तेव्हाच घरच्या आणि फडावरच्या फोनचा पहिला रिचार्ज मारून टाकावा. नंतर पैशाला शंभर वाटा फुटतात. फडावर कोणत्या कंपनीची रेंज आहे, हे आधी जाऊन आलेल्याला विचारावं. रेंज नसेल तर स्वस्त रिचार्जही वाया.

तू सगळ्यांसाठी नाहीस, हेही सांगून टाकतो. ज्याला फोन-पे लागतं, नातवाला व्हिडिओ कॉलवर पाहायचं असतं, त्याने तुझ्या वाटेला जाऊ नये. दुसरं, खात्यात 20 रुपये ठेवले की भागलं, असं सांगणारे भेटतात. ते अर्धंच खरं. 90 दिवस फोन वापरात नसला तरी 20 रुपये शिल्लक असतील, तर कंपनीला नंबर बंद करता येत नाही. ती रक्कम कापून मुदत 30 दिवसांनी वाढते. पण त्याने नंबर तुमच्या नावावर राहतो, फोन येतील याची हमी मिळत नाही.

आता तक्रार. तू स्वस्त आहेस, पण एकरकमी स्वस्त. बाजारात आलास तो 84 दिवसांच्या आणि वर्षाच्या किंवा वर्षाला टेकणाऱ्या मापात. रोजंदारीवरच्या बाईकडे उन्हाळ्यात 469 रुपये एकदम कुठून येणार? ती 199 चाच मारते आणि दर दिवसाला जास्त मोजते. ज्याच्या हातात कमी, त्यालाच महाग, हे तू मोडायला आला होतास ना? 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला 30 दिवसांच्या मुदतीचा किमान एक पॅक ठेवायला लावलंच होतं. तोच नियम तुलाही लावावा: एक महिना, फक्त बोलणं, आणि दिवसाचा भाव 84 दिवसांच्या पॅकइतकाच. शिवाय दुकानाच्या पाटीवर तुझं नाव ठळक मराठीत असावं. तोवर आम्ही काउंटरवर ‘साधा’ म्हणणार नाही, ‘बिननेटचा, 84 दिवसांचा’ असं नाव घेऊन मागू.

तुझा,
कमी बोलणारा एक ग्राहक,
पाटोदा, जि. बीड