आधी पाणी, मग प्रकाश

लेसरने वनस्पतीच्या जिवंत पेशीत रेणू सोडायला शिकणारी मुलं आल्या आल्या विचारतात, पॉवर किती ठेवायची? मी त्यांना कांद्याचा पापुद्रा सोलून मॅनिटॉलच्या द्रावणात ठेवायला सांगते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसवते.

प्रकाशाचं काम यंत्र चोख करतं. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त किरण, शंभरेक फेम्टोसेकंदांचे स्पंद. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ३० मायक्रोमीटर जातो. ऊर्जा केंद्रबिंदूपाशीच एकवटते, तिथेच पेशीपटल फाटतं, आजूबाजूच्या पेशींना धक्का लागत नाही. २००२ मध्ये उदय तिर्लापूर आणि कार्स्टन कोनिग यांनी याच तऱ्हेने सस्तन प्राण्याच्या पेशीत डीएनए पोचवला होता.

वनस्पतीचं गणित मात्र वेगळं. भित्तिकेत कोंडलेल्या पेशीतला पाण्याचा दाब पुष्कळदा मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट असतो. पटलाला छिद्र पडलं की बाहेरचं आत येण्याऐवजी आतलंच बाहेर उसळतं. म्हणून आधी मॅनिटॉल. त्याने पाणी हळूहळू बाहेर पडतं, दाब उतरतो. पटल कोपऱ्यांतून भित्तिकेपासून जरासं सुटू लागलं की थांबायचं. त्यापुढे गेलं तर पेशी आक्रसते आणि शेजारणीशी जोडणारे धागे ताणले जातात. ही वेळ प्रत्येक कांद्यागणिक बदलते. कागदावरचं प्रमाण घेऊन बसणाऱ्याला ती सापडत नाही.

मग एकच पेशी निवडायची, शटर क्षणभर उघडायचं. ल्युसिफर यलो हा रंग धड पटलातून आपणहून शिरत नाही. छिद्रातून आत जातो. बाहेरचा रंग धुवून काढला की ती एकटी पेशी पिवळट-हिरवी चमकते. पण चमक बघून खूश व्हायचं नाही, मेलेली पेशीही रंग घेते. मी बघते केंद्रकाभोवतीचे पेशीद्रव्याचे धागे. त्यांतले कण धावताहेत ना? धावत असतील तरच ती पेशी मोजायची.

जीन गनने सोन्याचे कण मारले तर एका फटक्यात असंख्य पेशींवर काम होतं, पण कण कुठे बसेल ते आपल्या हातात नसतं. इथे पेशी मी निवडते. म्हणूनच रंग तिच्यातून कुठल्या शेजारणीकडे गेला, कुठल्या भिंतीपाशी अडला, हे विचारता येतं. झाडाच्या पेशी एकमेकींना काय देतात आणि काय अडवतात, हे मला कळून घ्यायचंय. त्यासाठी एकेक पेशी हाताळायची माझी कितीही वेळ तयारी आहे.