एक झाडाचा, एक बर्फाचा

जगाचा नकाशा समोर पसरा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जिथे चिंचोळ्या पट्टीने जोडल्या आहेत, तिथे कोस्टारिका हा चिमुकला देश सापडेल. तिथून बोट सरळ वर न्या. कॅनडात समुद्र आत घुसल्यासारखा दिसतो ना? तो हडसन उपसागर. त्याच्या पश्चिम काठावर चर्चिल हे गाव. आज आपल्याला या दोन्ही ठिकाणी जायचंय, दोन प्राण्यांना भेटायला.

कोस्टारिकाच्या पूर्व किनाऱ्यावर काहुइता राष्ट्रीय उद्यान आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे दाट, ओलसर जंगल. इथे स्लॉथ राहतो. पण तो चटकन दिसायचा नाही, कारण त्याच्या केसांत हिरवं शेवाळ उगवतं! तीन बोटांच्या स्लॉथचं वजन जेमतेम चार-पाच किलो. तो पानं खातो. पानांतून ताकद थोडी मिळते आणि ती पचायलाही कित्येक दिवस लागतात. मग उड्या मारून कसं चालेल? लोक त्याला आळशी म्हणतात, पण खरं तर तो काटकसरी आहे. साधारण आठवड्यातून एकदा तो झाडावरून खाली उतरतो. कशाला? शी करायला! हसू नका. जमिनीवर त्याला पळता येत नाही, तेव्हा ही त्याची मोठी जोखमीची सहल असते.

आता स्वेटर चढवा. चर्चिलला बाहेरून जाणारा मोटाररस्ताच नाही. विनिपेग शहरातून आगगाडीने किंवा विमानाने जायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे ध्रुवीय अस्वलं गोळा होतात. एकेका नराचं वजन चारशे-पाचशे किलो, म्हणजे शंभर स्लॉथ! समुद्र गोठायची ती वाट पाहतात, कारण बर्फावरच त्यांना सील पकडता येतात. उन्हाळ्यात बर्फ वितळला, की कित्येक महिने अंगातल्या चरबीवर काढायचे. गावातले अनेक लोक मोटारीचं दार कुलूप न लावता ठेवतात. अस्वल समोर आलंच, तर कुणालाही आत शिरता यावं! गावात घुसणाऱ्या अस्वलांसाठी चक्क 'तुरुंग'ही आहे.

इतके वेगळे, तरी दोघे पट्टीचे पोहणारे. स्लॉथ तर चालण्यापेक्षा पोहतो भराभर. आणि गंमत ऐका. एकदा अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली पांढरी अस्वलं हिरवी झाली! त्यांचे केस आतून पोकळ असतात, त्यांत शेवाळ वाढलं होतं.

पण एक गोष्ट गमतीची नाही. हवा तापते आहे, त्यामुळे हडसन उपसागरात बर्फ लवकर वितळतो आणि उशिरा जमतो. अस्वलांचा उपास लांबतो. या भागात २०१६ साली अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ साली ६१८ उरली. इकडे कोस्टारिकात रस्ते आणि घरं झाली, की झाडांची रांग तुटते. मग स्लॉथ विजेच्या तारांवरून जायला बघतो आणि शॉक लागून मरतो. तिथले लोक आता झाडांमध्ये दोरांचे पूल बांधतात. २०२१ साली स्लॉथ त्या देशाचं राष्ट्रीय प्रतीकही झाला.

जाता जाता एक गंमत. मेळघाट-ताडोबातल्या आपल्या काळ्या अस्वलाचं इंग्रजी नाव 'स्लॉथ बेअर'! लांब नख्या पाहून १७९१ साली एका इंग्रज शास्त्रज्ञाला ते स्लॉथच वाटलं होतं. आता तुम्ही सांगा, आपलं अस्वल खरं कुणाचं भावंड, झाडावरच्याचं की बर्फातल्याचं?