नाना पेठेतली मेणाची डबी

नाना पेठेत गाडी घेऊन जायचं नाही, हा पहिला नियम. गाडीचं झाडून सगळं सामान जिथे मिळतं तिथेच गाडी लावायला जागा नाही, हा खास पुणेरी विनोद! मेट्रोनं मंडईला उतरा (२०२४ पासून तिथलं जमिनीखालचं स्टेशन सुरू झालंय), रिक्षाला हात करा आणि ‘क्वार्टर गेट’ म्हणा. लक्ष्मी रोडचं हे दुसरं टोक. एकाच रस्त्याच्या मधल्या भागात पैठण्या आणि सोनं, शेवटाला क्लच प्लेटा आणि सायलेन्सर. लग्न आणि लग्नानंतरचा संसार, असंही म्हणता येईल.

पेठ नाना फडणविसांच्या नावाची. त्याआधी हिला हनुमान पेठ म्हणायचे. जवळच सिटी चर्च आहे, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या काळात दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. आणि या सगळ्या इतिहासाच्या मधोमध गल्ल्याच्या गल्ल्या भरून स्पेअर पार्ट्स. छताला टांगलेली हँडल्स, फुटपाथवर रचलेले टायर, दारातच फिटिंग करत उकिडवी बसलेली पोरं. रबर, ग्रीस आणि कटिंग चहा यांचा मिळून एक वास येतो. मला तो आवडतो. मॉलमध्ये तो मिळत नाही.

मी आले होते मेण घ्यायला. म्हणजे कार वॅक्स. आता ऑनलाइन एका क्लिकवर मिळणाऱ्या वस्तूसाठी शनिवारची सकाळ कोण घालवतं, असं तुम्ही म्हणाल. पण मला डबीपेक्षा एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

झालं असं, की आमच्या सोसायटीत बावीस गाड्या आहेत आणि त्या सगळ्या एकच माणूस धुतो. पन्नाशीचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. पहाटे साडेपाचला सुरू करतात, साडेआठला संपवतात. गाडीमागे महिना चारशे रुपये. गेल्या मीटिंगमध्ये सात जणांनी तक्रार केली: उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, काकांनी पेंट घालवला, त्यांना बंद करा आणि अ‍ॅपवरून कंपनीची माणसं बोलवा. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, “तू पत्रकार आहेस ना, जरा माहिती काढ.” पत्रकारानं फुकट काय काय करायचं असतं, त्या यादीत हेही बसतं!

दुकान जेमतेम सहा फूट रुंद. काउंटरवर क्यूआर कोड, त्यामागे दुकानदार, त्यांच्यामागे छतापर्यंत बाटल्या. मी विचारलं, “चांगलं वॅक्स कोणतं?” त्यांनी उत्तर दिलंच नाही. उलट तीन प्रश्न विचारले. गाडीचा रंग कुठला? उभी कुठे असते? आणि धुता कशानं?

माझी गाडी २०१३ ची, सेकंडहँड, गडद लाल. निम्मी शेडखाली, निम्मी बाहेर, वर पर्जन्यवृक्ष. धुणं काकांच्या हातात, पाणी बोअरचं.

“मग आधी हे समजून घ्या,” म्हणत त्यांनी दोन डब्या काढल्या. एकीवर पॉलिश लिहिलेलं, दुसरीवर वॅक्स. आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. पॉलिशमध्ये अगदी बारीक खर असते. ती पेंटचा वरचा थर घासून सपाट करते, म्हणून ओरखडे नाहीसे होतात. रबिंग कंपाउंड हा त्याचाच दांडगा भाऊ. वॅक्स काहीच घासत नाही, ते वर बसतं. आता रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. दर पॉलिशला त्यातला थोडा जातो आणि तो परत येत नाही. दर दिवाळीला हौसेनं कंपाउंड मारणाऱ्यांच्या गाड्यांच्या टपावर पुढे जे पांढुरके, पोपडे आलेले डाग दिसतात ना, तिथला क्लिअर कोट संपलेला असतो. त्यावर कुठलंही वॅक्स चालत नाही. थेट पेंटरच.

त्यामुळे डबी घेताना मागचं बारीक अक्षर वाचाच. ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलं असेल तर त्यात थोडं घासणारं द्रव्य असतं. जुन्या, निस्तेज गाडीला वर्षातून एकदा ठीक, दर महिन्याला मुळीच नाही. आणि काही साध्या, चमकी नसलेल्या रंगांवर क्लिअर कोट नसतोच. तिथे पुसताना फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. घाबरू नका, पण हात आवरा.

मग त्यांनी कार्नोबाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली. फिकट पिवळं, घट्ट, बूट पॉलिशच्या दूरच्या नातेवाइकासारखं. हे नातं खरंच आहे, कारण कार्नोबा बूट पॉलिशमध्येही असतं, गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीतही आणि औषधाच्या गोळ्यांवरही. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवर हे मेण येतं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानं केलेली सोय. पानं कापून वाळवतात, झोडपतात, पडलेली भुकटी वितळवतात. अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे मालक एच. एफ. जॉन्सन या झाडाच्या शोधात १९३५ मध्ये चक्क पाण्यावर उतरणारं विमान घेऊन ब्राझीलला गेले होते, आणि १९९८ मध्ये त्यांच्या मुलानं तसंच विमान बांधून घेऊन तोच प्रवास पुन्हा केला. मेणासाठी! आपण नाना पेठेपर्यंत रिक्षानं जायला कुरकुरतो.

कार्नोबाचा फंडा असा, की ते साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. नैसर्गिक मेणांमध्ये हे खूप झालं. पण म्हणूनच शुद्ध कार्नोबा दगडासारखं असतं, बोटानं निघायचं नाही. डबीत त्याबरोबर तेलं, द्रावक, इतर मेणं घातलेली असतात. ‘शंभर टक्के कार्नोबा’ या छापील वाक्याचा अर्थ ‘आतलं जे कार्नोबा आहे ते शंभर टक्के कार्नोबा आहे’ एवढाच. जाहिरातवाल्यांना सलाम!

गडद रंगावर कार्नोबाची चमक खुलते. काळी, गडद निळी, माझ्यासारखी लाल गाडी ओली दिसायला लागते. पण ते टिकतं महिना-दीड महिना, फार तर दोन. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हा फरक फारसा दिसत नाही. तिथे सिंथेटिक सीलंट बरं: पॉलिमरचं असतं, चार-सहा महिने टिकतं, उन्हाला जास्त दाद देत नाही. स्प्रे वॅक्स म्हणजे मधल्या वेळचं खाणं, गाडी धुतल्यावर पाच मिनिटांत मारायचं आणि तीन-चार आठवडे विसरायचं. राहिलं सिरॅमिक कोटिंग. मला एका ठिकाणी बावीस हजार सांगितले होते. नवीकोरी गाडी असेल, ती पाच-सात वर्षं ठेवणार असाल, तर विचार करा. माझ्या गाडीला बावीस हजारांचं कोटिंग म्हणजे चाळीत झुंबर.

पावसाळ्याआधी एकदा सीलंट आणि दिवाळीच्या सुमाराला कार्नोबा, असा हिशेब त्यांनी मला बांधून दिला. मला तो पटला. पुण्यात एप्रिल-मेमध्ये टपाला हात लावता येत नाही, त्यानंतर चार महिने पाणी, आणि वर्षभर कुठे ना कुठे चाललेल्या बांधकामाची धूळ. शिवाय पर्जन्यवृक्षावरचे पक्षी. त्यांची विष्ठा उन्हात वाळली की क्लिअर कोटवर कायमचा डाग राहतो. मेणाचा थर असला की ती धुऊन काढायला थोडी सवड मिळते. फक्त सवड, कवचकुंडलं नाहीत.

डबी साडेसहाशेला घेतली आणि मग मुद्द्याचं विचारलं: रोज गाडी पुसणाऱ्या माणसामुळे पेंट जातो का?

“माणसामुळे नाही, फडक्यामुळे,” ते म्हणाले. “बाई, धुळीवरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. एक बादली किती गाड्यांना वापरतात?”

हे मला माहीत नव्हतं. समोरच्या दुकानातून मायक्रोफायबरची बारा फडकी घेतली (३०० जीएसएमच्या वरची घ्या, पिवळं सुती फडकं इंजिनासाठी ठेवा) आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये काका गाड्या पुसत होते आणि मी वॅक्स लावत होते. गाडी सावलीत आणि थंड हवी. आधी धुवायची, पूर्ण कोरडी करायची. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवायची. खरखर लागली तर पेंटमध्ये घाण रुतलीय, तिला आधी क्ले बारनं काढायचं. माझ्या टपाला लागली, त्यात पाऊण तास गेला. मग स्पंजाला नखभर वॅक्स, एका वेळी एक भाग, अगदी पातळ. जाड थरानं चमक वाढत नाही, पुसायचे कष्ट तेवढे वाढतात. बोटानं रेघ ओढून ती स्वच्छ उमटली की पुसून घ्यायचं. काळ्या प्लॅस्टिकला लागू द्यायचं नाही, पांढरे डाग पडतात आणि हट्टानं बसतात. नुकतंच रीपेंट केलं असेल तर निदान महिनाभर थांबायचं, आणि मॅट रंगावर वॅक्स लावायचंच नाही.

मधेच मी काकांना बादलीचं विचारलं.

“अकरा बादल्या,” ते म्हणाले. “दोन गाड्यांना एक. पहिल्या गाडीला पाणी बरं असतं. दुसरीला गढूळ.”

“जास्त का घेत नाही?”

“ताई, नोटीस बोर्डावर आहे ना.”

होती. टँकर सुरू झाले तेव्हा कमिटीनंच लावलेली, दोन गाड्यांना एक बादली, खाली सह्या. तक्रार करणाऱ्या सातांपैकी तिघांच्या सह्या त्यात होत्या. मी पुढचा हिशेब केला: बावीस गाड्या, तीन तास, म्हणजे एका गाडीला आठ मिनिटं. आठ मिनिटं आणि अर्धी गढूळ बादली. कंपनीच्या माणसानं यात नेमकं काय वेगळं केलं असतं?

काका माझ्या बॉनेटकडे बघत होते. हाताला लागेल म्हणून लांबूनच. मग म्हणाले, “यावर आता रोज फडकं मारायचं का? नुसती धूळ असेल तर?”

मी म्हटलं, पाणी नसेल तर मारू नका.

“मग रोज कशाला? आज अकरा करतो, उद्या अकरा. बादल्या तेवढ्याच लागतील. एका गाडीला एक पूर्ण बादली.”

मीटिंगमध्ये हे मी त्यांच्याच नावावर मांडलं. चर्चा तासभर चालली, कारण दोघांना गाडी रोज पुसलेलीच हवी होती आणि एकांना फडक्यांचे पैसे कोण देणार ते कळत नव्हतं. शेवटी ठरलं: दिवसाआड धुणं, पगार तोच, फडकी सोसायटीच्या खर्चानं, तीन महिने बघायचं. जुनी नोटीस काढून नवी लावली. माझ्या लाल गाडीवर अजून पाण्याचे थेंब गोल, टपोरे उभे राहतात. ते पसरट व्हायला लागले की दुसरा थर लावायचा. या आठवड्यात तिघांनी मला नाना पेठेतल्या दुकानाचा पत्ता विचारला, त्यातले दोघे गाडी घेऊन जाणार आहेत म्हणे.