जामीनदार आणि चारशे पस्तीस घोडे

मी जामीनदार आहे. तसा मी बँकेत कारकून आहे, बी. कॉम. आहे, एका मुलीचा बाप आहे. पण रात्री दोन वाजता जाग येते ती जामीनदाराला. दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिलीनं फुली मारलेली असते तिथं सही करू नये, हे काउंटरवरून मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. आणि ताईचा मुलगा एम. एस. करायला मिशिगनला निघाला तेव्हा त्याच फुलीवर निमूटपणे सही करून आलो. करणार काय? आपल्याकडे भाच्याला नाही म्हणणाऱ्या मामाचं नाव थेट कंसाच्या यादीत जातं.

भाचा शिकला, डेट्रॉईटजवळ नोकरीला लागला, हप्ते सुरू झाले. मी पुन्हा झोपू लागलो. तेवढ्यात ताईचा फोन.

"अरे, त्यानं गाडी घेतलीय."

"छान!"

"जुनी घेतलीय."

"त्याहून छान."

"आणि आता ती सगळी उघडून बसलाय. तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

माझं ऐकणारा माणूस जगात आहे, ही बातमी मला नवीनच होती. तरी मी आवाजात शक्य तितका शाखाधिकारी आणून फोन लावला.

गाडी २०१५ सालची मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४३५ घोडे. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या स्कूटरी एकत्र बांधल्या तरी एवढे भरायचे नाहीत. असल्या गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात, म्हणजे साध्या घरंदाज गाडीत दांडगं इंजिन. कंपनीनं दिलेले ४३५ घोडे पुरत नाहीत म्हणून चिरंजीव त्यात सुपरचार्जर बसवून सहाशेच्या पुढे जाणार होते.

"सहाशे घोडे घेऊन तू जाणार कुठं?"

"ऑफिसला, मामा. आणि किराणा आणायला."

यावर शाखाधिकारी गप्प झाला.

मग त्यानं मला कॅरोल शेल्बीची गोष्ट सांगितली. हा टेक्सासचा गृहस्थ आधी कोंबड्या पाळायचा. पहिल्या खेपेला फायदा झाला, दुसऱ्या खेपेला कोंबड्या रोगानं मेल्या. इथं मी सावरून बसलो. कुक्कुटपालनाची कितीतरी कर्जं माझ्या टेबलावरून गेली आहेत आणि बहुतेकांच्या कोंबड्या दुसऱ्याच खेपेला मेल्या आहेत. पण त्यांतला एकही पुढं जाऊन १९५९ साली ल मांसची शर्यत जिंकून आला नाही! शेल्बी जिंकला. हृदय अधू, म्हणून जिभेखाली गोळी ठेवून शर्यत पळवायचा. पुढं गाडी चालवणं सोडून गाड्या घडवायला लागला. १९६५ साली फोर्डसाठी त्यानं मस्टँगची जीटी ३५० केली, २७१ घोड्यांचे ३०६ केले. शर्यतवाल्यांच्या नियमात स्पोर्ट्स कारला दोनच सीटा चालत, म्हणून मागची सीट काढून तिथं स्टेपनी ठेवली. (१९६६ साली मागची सीट पुन्हा मिळू लागली. का, ते संसारी माणसाला सांगायला नको.)

"मीपण मागची सीट काढणार आहे. वजन कमी होतं."

"आणि ताई आली की?"

"आई पुढं बसेल."

"आणि मी?"

फोनवर बराच वेळ फक्त अमेरिका ऐकू येत होती.

पुढच्या रविवारी मीच फोन केला. ताईला सांगितलं, समजावतोय. खरं म्हणजे मला गोडी लागली होती. २०१८ सालच्या डॉज डीमनला नुसती ड्रायव्हरची सीट येई, शेजारची सीट हवी तर एक डॉलर आणि मागची हवी तर आणखी एक डॉलर, हे ऐकल्यावर कॉमर्सच्या कुठल्या पदवीधराला झोप लागेल? बायकोची किंमत एक डॉलर आणि सगळ्या सासुरवाडीची मिळून एक डॉलर!

सुपरचार्जर मला लगेच समजला. इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारं यंत्र, बाहेरची हवा दाबून आत कोंबतं. हवा वाढली की पेट्रोल वाढवायचं, पेट्रोल वाढलं की ताकद वाढते. एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा हे एरवीचं प्रमाण. दाब असला की पेट्रोल त्याहून सढळ हातानं द्यावं लागतं, नाहीतर पिस्टन वितळतो. म्हणजे ठेवी आणि कर्ज यांचाच हिशेब! आमच्याकडेही मार्चअखेर ठेवी अशाच कोंबतात आणि एप्रिलमध्ये आमचे पिस्टन वितळतात.

"ताकद कुणीही वाढवतो, मामा," भाचा म्हणाला. "रेसची गाडी करणं त्या मानानं सोपं. रस्त्यावरची करणं अवघड." सिग्नलला उभी असताना तापता कामा नये. क्लच दाबून पायात गोळे येता नयेत. धूर गाळणारं यंत्र काढलं तर कायदा आडवा येतो. सहाशे घोडे पळवायचे तर आधी ते थांबवणारे ब्रेक हवेत. थोडक्यात, तालमीतला पैलवान घरात नांदवायचा. त्यानं दंड थोपटावेत, पण कपबशा फुटू नयेत.

एकोणिसाव्या वर्षी मीही वडिलांच्या चेतकचा सायलेन्सर पोकळ केला होता. तीन दिवस माझी स्कूटर कोपऱ्यावरून ओळखू यायची. चौथ्या दिवशी वडिलांनी नवा सायलेन्सर बसवून आणला आणि माझ्यासमोर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म ठेवला. त्यानंतर माझा आवाज कोपऱ्यावर काय, शेजारच्या टेबलावरही गेलेला नाही.

आणि मग सूचना आली. हप्ता थकला. पुढच्या महिन्याचाही. मी सौ.ला न सांगता मुलीच्या नावची एक मुदत ठेव मोडली आणि दोन्ही भरले. ताईला काहीच बोललो नाही. मुदतीआधी ठेव मोडणाऱ्याकडे मी वीस वर्षं कसा बघतो, ते त्या दिवशी काउंटरच्या पलीकडून कळलं.

रविवारी भाच्यानं फोन उचलल्यावर मी एवढंच म्हटलं, "दोन हप्ते मी भरलेत. घोड्यांचं चालू दे."

त्यानं फोन ठेवला. आठवडाभर काही नाही. मग माझ्या खात्यात दोन हप्ते जमा झाले आणि कर्जखात्यात पुढचे तीन.

"सुपरचार्जरचं रद्द केलं, मामा," नंतर तो म्हणाला. "ब्रेक, टायर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदललेत. इंजिन आहे तसंच."

"आणि मागची सीट?"

"आहे."

जूनमध्ये ताई तिकडे गेली. तिनं फोटो पाठवला. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पांढरी मस्टँग, निळे पट्टे, पुढच्या सीटवर नेसत्या साडीनिशी ताई, दोन्ही हातांनी दरवाजा धरून. मागच्या सीटवर कणकेची पिशवी, तिला पट्टा बांधलेला.

"खूश ना आता?" भाच्यानं विचारलं.

"हो, हो. शहाणा आहेस," मी म्हटलं. सौ. स्वयंपाकघरात होती. मी आवाज खाली आणला. "पण काय रे, तो सुपरचार्जर आता साधारण केवढ्याला पडतो?"